बुद्धिमती कीं भुताळी?

रहस्यकथांवरून निघणाऱ्या चित्रपटांविषयीं व मालिकांविषयीं अलीकडे एक मत सुशिक्षितांत इतकें रूढ झालें आहे कीं, त्यावर शंका घेणारा मनुष्य आपोआपच जुनाट ठरतो. तें मत असें: कॉनन डॉइल, अगाथा ख्रिस्ती, शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या काळच्या हेरकथा म्हणजे पुरुषांचा खेळ. त्यांत स्त्री असलीच तर ती रडत दाराशीं आलेली अशील असावयाची, नाहींतर गालिच्यावर पडलेलें प्रेत. आजच्या पडद्यानें तिला या दोन्ही अवस्थांतून सोडविलें. तिच्या हातीं पिस्तूल दिलें, तोंडीं फटकळ भाषा दिली, नायकाला लोळविण्याचें सामर्थ्य दिलें, आणि शंभर वर्षांच्या अन्यायाची भरपाई केली. हें मत आम्हांस मुळींच मान्य नाहीं, आणि तें कां मान्य नाहीं तें सांगण्यासाठींच हा लेखप्रपंच.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, जुन्या कथेनें स्त्रीला जें एक मोलाचें दान दिलें होतें नेमकें तेंच नव्या पडद्यानें काढून घेतलें. तें दान म्हणजे निर्दोष बुद्धि. जुन्या कथेंतील शहाणी स्त्री शहाणी असूनहि निरपराधी राहूं शकत असे. नव्या पडद्यावर मात्र स्त्री जितकी अधिक शहाणी तितकी ती अधिक अपराधी, असें एक विचित्र समीकरण बसून गेलें आहे. तिच्या बुद्धीला पडद्यानें वाव दिला हें खरें. पण तो वाव फांसाच्या दोरीला देतात तसा दिला.

हा वाद लंडनच्या किंवा मुंबईच्या दिवाणखान्यांतला आहे, त्याच्याशीं आमच्या डोंगराळ मुलुखाचा काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. जव्हार व मोखाडा हे पालघर जिल्ह्यांतील दोन डोंगरी तालुके. १ ऑगस्ट २०१४ रोजीं हा जिल्हा वेगळा होईपर्यंत ते ठाणें जिल्ह्यांत मोडत. जव्हारास मुकणे घराण्याचें कोळी संस्थान होतें, त्याचा जयविलास राजवाडा अजून उभा आहे. भोंवतालची वस्ती वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी अशा लोकांची. या मुलुखांत अपराध शोधून काढण्याची एक फार जुनी रीति होती, आणि ती पुरी नाहींशी झाली आहे असें म्हणवत नाहीं. घरांत मूल दगावलें, गुरें पटापट मेलीं, पीक करपलें, तर ‘हें कोणी केलें?’ हा प्रश्न घेऊन लोक भगताकडे जावयाचे. भगत तांदळाचे दाणे पाहून उत्तर द्यावयाचा, आणि तें उत्तर पुष्कळदां एका स्त्रीच्या दाराशीं येऊन थांबावयाचें. ती भुताळी. ती बहुधा विधवा असावयाची, एकटी राहणारी, झाडपाल्याची माहिती असलेली, कोणाचें मुकाट ऐकून न घेणारी. तिनें काय केलें याचा पुरावा कोणी मागत नसे. ती जशी आहे तशी आहे हाच तिच्याविरुद्ध पुरावा.

ही समजूत केवळ वनवासी लोकांचीच आहे असें समजून शहरी वाचकानें नाक मुरडूं नये. ज्या युरोपानें आम्हांस हेरकथा दिली त्याच युरोपानें सोळाव्या-सतराव्या शतकांत हजारों स्त्रिया चेटकिणी म्हणून जाळल्या किंवा फांसावर चढविल्या. आणि ज्या वारली समाजांत भुताळी आहे त्याच समाजांत धवलेरीहि आहे. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी स्त्री. तिनें गाणें म्हटल्यावांचून वारल्यांचें लग्न यथासांग होत नाहीं. पालघट देवीचा चौक भिंतीवर लिहिण्याचा मानहि सवाशिणींचाच. म्हणजे जाणत्या स्त्रीला पुढें बसवून तिच्या मुखानें मंगलकार्य करवून घेण्याची रीतहि येथें आहे, आणि जाणत्या स्त्रीला गांवाबाहेर काढण्याची रीतहि येथेंच आहे. प्रत्येक समाजापुढें हे दोन मार्ग असतात. प्रश्न इतकाच कीं, आपलें वाङ्मय आणि आपला पडदा यांपैकीं कोणत्या मार्गानें चालला आहे?

हेरकथा ही जातीनें भगताच्या विरुद्ध पक्षाची आहे. तिचा पहिला सिद्धांत असा कीं, ज्याच्याकडे सारें गांव बोट दाखवितें तो निर्दोष असूं शकतो. दुसरा असा कीं, मनुष्य कसा दिसतो, कसा राहतो, लोकांना आवडतो कीं नावडतो, यावरून त्याचा अपराध ठरत नाहीं. तो ठरतो पुराव्यावरून. करमणुकीच्या वेषांत या वाङ्मयानें शंभर-सव्वाशें वर्षें सामान्य वाचकाला न्यायाचें एक शिक्षण दिलें. म्हणून त्याच वाङ्मयाच्या आधारें जेव्हां पडदा भगताची रीति परत आणतो, तेव्हां तो नुसता एक कथाप्रसंग बदलीत नाहीं. त्या शिक्षणावरच तो बोळा फिरवितो.

आतां उदाहरणांकडे वळूं. होम्सच्या कथांतील सर्वांत प्रसिद्ध स्त्री म्हणजे आयरीन अ‍ॅड्लर. ती १८९१ च्या जुलैंत ‘स्ट्रँड’ मासिकांत छापलेल्या एकाच कथेंत येते. बोहेमियाच्या राजानें तिच्याशीं एके काळीं प्रेम केलें, पुढें राजकन्येशीं विवाह ठरतांच तिचा त्याग केला, आणि आतां दोघांचें एकत्र छायाचित्र तिच्याजवळ आहे म्हणून तो भेदरला आहे. तें छायाचित्र मिळवून देण्याचें काम होम्स पत्करतो. वेषांतर करून, आगीची खोटी आरोळी उठवून तो तिच्या घरांतील लपविण्याची जागा हेरतो. परंतु ती त्याला ओळखते. पुरुषवेषानें त्याच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत येते, त्याला नांवानें हांक मारून ‘शुभ रात्रि’ म्हणते, आणि दुसऱ्या दिवशीं आपल्या वकील पतीसह देश सोडून जाते. मागें ठेवते एक पत्र आणि स्वतःचें एकटीचें चित्र. राजानें देऊं केलेली अंगठी न घेतां होम्स तें चित्र मागून घेतो, आणि राजानें पुढें केलेल्या हाताकडे न पाहतां निघून जातो.

या कथेंत अपराधी कोण? चोरी राजाच्या माणसांनीं करून पाहिली, दरोडा त्यांनीं घातला, फसवणूक होम्सनें केली. आयरीननें काय केलें? तिनें स्वतःचें रक्षण केलें, तेंहि अंगीं असलेल्या निरीक्षणाच्या बळावर. सूड घेण्याचें साधन हातीं असतांना तिनें तो घेतला नाहीं. होम्सचा स्त्रीबुद्धीविषयींचा तिरस्कार या एका घटनेनें मोडला असें वॉटसन स्पष्ट सांगतो. जिनें जगांतील सर्वांत चतुर पुरुषाला हरविलें ती स्त्री गायिका आहे, प्रेमांत फसलेली आहे, आणि तरीहि सज्जन आहे. एका लहानशा गोष्टींत यापेक्षां अधिक कोण काय देणार?

पडद्यानें तिचें काय केलें तें पाहा. २००९ च्या इंग्रजी चित्रपटांत ती धंदेवाईक चोर होऊन मोरियार्टीच्या पगारावर राहिली, आणि २०११ च्या दुसऱ्या भागाच्या आरंभींच त्याच मोरियार्टीनें तिला विष घालून मारली. १ जानेवारी २०१२ रोजीं दाखविलेल्या बी.बी.सी.च्या ‘शेरलॉक’ मालिकेंतील भागांत ती धनिकांना चाबकानें मारून त्यांची हौस पुरविणारी आणि त्यांच्या गुपितांचा व्यापार करणारी स्त्री झाली. येथेंहि तिला सल्ला मोरियार्टीचा. आणि तिचा पराभव कशानें झाला? तिच्या मोबाइलचा गुप्त संकेत तिनें शेरलॉकच्या नांवावरून बेतला होता. तिच्या नाडीचे ठोके मोजून तिचें आपल्यावर प्रेम असल्याचें त्यानें ताडलें, आणि तेवढ्यावरून कुलूप उघडलें. शेवटीं कराचींत तिचें मस्तक उडविलें जात असतांना शेरलॉकच धांवून येतो. १८९१ सालीं जिनें होम्सला हरविलें तिला १२१ वर्षांनीं होम्सच्या पायाशीं आणून बसविलें, आणि याला प्रगति म्हणावयाचें! डॉइलच्या कथेंत भावना होम्सला न कळणारी होती आणि बुद्धि दोघांत समान होती. येथें भावना स्त्रीची आणि बुद्धि पुरुषाची, ही आमच्या आजोबांच्या काळची वांटणी नव्या कपड्यांत परत आली.

हें एकट्या आयरीनपुरतें असतें तर आम्हीं लेखणी उचलली नसती. ‘साइन ऑफ फोर’ या १८९० च्या कादंबरींतील मेरी मॉर्स्टन ही साधी शिक्षिका. तिनें आपल्या बापाच्या कागदांतून नेमका आग्ऱ्याच्या किल्ल्याचा नकाशा जपून ठेवला, आणि अशा कामासाठीं हिची बुद्धि उपजतच योग्य आहे अशी कबुली होम्सनें दिली. बी.बी.सी.च्या मालिकेंत तीच मेरी पूर्वायुष्यांत पैसे घेऊन माणसें मारणारी निघाली. त्या मालिकेच्या २०१६ च्या विशेष भागांत मताधिकारासाठीं झटणाऱ्या स्त्रिया टोपडीं घालून गुप्तपणें पुरुषांचे खून पाडणाऱ्या टोळीच्या रूपानें आल्या. २०१७ मध्यें तर डॉइलला ठाऊकहि नसलेली एक बहीण होम्सला देण्यांत आली. ती त्याच्याहून बुद्धिमान, आणि म्हणून अर्थातच समुद्रांतील बेटावर कोंडलेली राक्षसी. होम्सचा थोरला भाऊ मायक्रॉफ्ट हाहि त्याच्याहून बुद्धिमान. पण त्याला त्याच बुद्धीबद्दल सरकारांत मानाची जागा मिळाली. भावाची बुद्धि राज्य चालविते, बहिणीची बुद्धि माणसें मारते. जव्हारच्या पाड्यावरचा भगत याहून निराळें काय सांगतो? फरक इतकाच कीं, भगताजवळ तांदळाचे दाणे आहेत आणि यांच्याजवळ महागडे कॅमेरे.

ख्रिस्तीबाईंच्या मिस मार्पलचें उदाहरण याहूनहि बोलकें आहे. १९३० सालीं ‘मर्डर ॲट द व्हिकारेज’ या कादंबरींत ही म्हातारी अविवाहित बाई प्रथम मोठ्या पटावर आली. तिची सारी विद्या विणकाम करतां करतां शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे नीट पाहण्यांत सांठलेली. तिला कोणी तरुणपणींचें दुःख चिकटविलें नव्हतें. लग्न न केलेली स्त्री स्वतःपुरती पुरी असूं शकते, हें तिनें न बोलतां सिद्ध केलें. २००४ सालीं आय.टी.व्ही.नें सुरू केलेल्या मालिकेला हें पुरेसें वाटलें नाहीं. तिनें तिला एका विवाहित सैनिकाशीं झालेल्या अपुऱ्या प्रेमाचा भूतकाळ जोडून दिला. जणुं पुरुषाच्या आठवणीवांचून बाईला एकटें राहण्याचा अधिकारच नाहीं. त्याच वर्षीं त्याच मालिकेंत ‘बॉडी इन द लायब्ररी’ची कथा आली. मूळ कथेंत खुनाच्या कटांत एक पुरुष व एक स्त्री आहेत. मालिकेंत पुरुषाला सोडून देऊन त्याच्या जागीं दुसरी स्त्री घातली. अपराध पुरुषाच्या खांद्यावरून उचलून स्त्रीच्या खांद्यावर ठेवण्याचें इतकें उघड उदाहरण दुसरें दाखवितां येणें कठीण.

आमच्याकडची स्थिति पाहिली तर तेथेंहि हाच वारा. ‘बास्करव्हिल्सच्या शिकारी कुत्र्या’च्या आधारानें १९६२ सालीं ‘बीस साल बाद’ हा हिंदी चित्रपट निघाला. मूळ कथेंत लोकांना भिवविणारें भूत म्हणजे एक कुत्रा. हिंदी पडद्यावर कुत्र्याची जागा स्त्रीच्या अतृप्त आत्म्यानें घेतली. शेवटीं तें भूत भूत नसतें, त्यामागें माणसाचा हात असतो, हें खरें. परंतु इंग्रजी माळावर भीतीला चार पाय होते, तर आमच्या माळावर तिला पदर आणि गाणारा गळा असावा लागला. कुत्रा काढून त्या जागीं बाई बसवितांना कोणालाहि कांहीं वावगें वाटलें नाहीं, यांतच सारें आलें.

व्योमकेश बक्षीचा दाखला तर महाराष्ट्राला दोन प्रकारें जवळचा आहे. शरदिंदु बंद्योपाध्याय १९३८ सालीं ‘बाँबे टॉकीज’साठीं कथा लिहावयास मुंबईस आले, १९५२ पासून पुण्यास राहिले, आणि १९७० सालीं वारले, व्योमकेशाच्या उत्तरकालीन कथा त्यांनीं आपल्या या मुलुखांत बसून लिहिल्या. दुसरें असें कीं, बासु चटर्जींनीं १९९३ सालीं दूरदर्शनवर व्योमकेश आणला तेव्हां सत्यवतीची भूमिका आमच्या सुकन्या कुलकर्णी यांनीं केली. ही सत्यवती ‘अर्थमनर्थम्’ या कथेंत प्रथम भेटते. तिच्या भावावर खुनाचा आळ आला आहे. सर्वांचीं बोटें त्याच्याकडे वळलेलीं असतां ती एकटी व्योमकेशापुढें उभी राहून सांगते कीं, माझा भाऊ निर्दोष आहे. जो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवितो त्याची गांठ सत्यवतीशीं पडावी, ही योजना सहज झालेली नाहीं. पुढें ती त्याची पत्नी होते, त्याच्याशीं भांडते, त्याची थट्टा करते. तिच्या हातीं पिस्तूल कधींच येत नाहीं, आणि तरीहि त्या घरांतलें तिचें वजन वाचकाच्या मनांतून जात नाहीं. दूरदर्शनच्या मालिकेनें हें वजन ओळखलें होतें. सुकन्याबाईंची सत्यवती थोडें बोलते, पण जें बोलते तें ऐकून घ्यावें लागतें.

उलट २०१५ सालचा व्योमकेशावरील मोठा हिंदी चित्रपट पाहा. त्याचा पाया ‘सत्यान्वेषी’ या पहिल्या कथेचा. तिच्यांत पुरुषांच्या खाणावळीखेरीज फारसें कांहीं नाहीं. चित्रपटकर्त्यांना स्त्री हवी होती, हरकत नाहीं. सत्यवती त्यांच्या हाताशीं होती, आणि तिला त्यांनीं घेतलेंहि. परंतु प्रकाशझोत कोणावर टाकला? अंगुरीदेवी नांवाच्या, मूळ कथेंत नसलेल्या, पुरुषांना भुरळ घालणाऱ्या नटीवर. आणि ती निघाली खलनायकाची प्रेयसी व हस्तक. सत्यवती सांवलींत, अंगुरी उजेडांत. दिग्दर्शक हुशार आहेत, त्यांनीं उभें केलेलें १९४३ चें कलकत्तें पाहण्यासारखें आहे, हें आम्ही आनंदानें मान्य करूं. म्हणूनच प्रश्न अधिक टोंचतो: इतक्या हुशार माणसालाहि उजेडांत ठेवण्यासारखी स्त्री म्हटली कीं विषकन्याच कां आठवावी?

यावर तीन आक्षेप येतील, आणि ते टाळून जाणें योग्य नव्हे.

पहिला आक्षेप असा कीं, जुने लेखक तरी कोठें स्त्रियांचे कैवारी होते? होम्स स्वतः म्हणतो कीं, स्त्रियांवर पुरता विश्वास ठेवूं नये. म्हणतो खरा. परंतु पात्राचें मत आणि कथेचा निवाडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. होम्सचा हा अहंकार कथेनें आयरीनच्या हातून मोडविला. नवा पडदा त्याच्या तोंडचा तिरस्कार काढून टाकतो आणि कथेच्या निवाड्यांत तो भरतो. तोंडानें गोड आणि निकालानें कठोर अशा न्यायाधीशापेक्षां तोंडाळ पण न्यायी न्यायाधीश परवडला.

दुसरा आक्षेप रूपांतरकाराच्या स्वातंत्र्याचा. तें स्वातंत्र्य आम्हांस शिरसावंद्य आहे. तें नाकारलें तर कालिदासालाहि नाकारावें लागेल. परंतु कालिदासाचेंच उदाहरण नीट तपासावें. महाभारतांतील शकुंतला भरसभेंत राजाशीं वाद घालते, आणि ओळख असून नाकारण्याचा दोष उघडपणें दुष्यंताचा राहतो. कालिदासानें दुर्वासाचा शाप आणला. राजाचा दोष शापावर गेला, आणि शापाचें निमित्त झालें शकुंतलेचेंच अन्यमनस्क असणें. नाटक अप्रतिम झालें, पण दोषाचें गांठोडें कोणाच्या डोक्यावरून कोणाच्या डोक्यावर गेलें हें दिसावयाचें राहत नाहीं. रूपांतरानें बदल करावेत; पण बदलाची दिशा तपासण्याचा टीकाकाराचा अधिकारहि तितकाच जुना आहे. आणि पुन्हां पुन्हां, वेगवेगळ्या हातांनीं, वेगवेगळ्या देशांत केलेला बदल जेव्हां एकाच दिशेला झुकतो, तेव्हां त्याला स्वातंत्र्य म्हणत नाहींत; त्याला खोड म्हणतात.

तिसरा आक्षेप सर्वांत चतुर. स्त्री-पुरुष समान मानावयाचे तर स्त्रीलाहि खलनायिका होण्याचा हक्क हवा. हवाच. ख्रिस्तीबाईंनीं स्वतः कितीतरी स्त्रियांना खुनी ठरविलें आहे. त्यांना द्वेष, लोभ, भय अशीं माणसाला असतात तशींच कारणें दिलीं आणि पुराव्यानें पकडलें. आमची तक्रार अपराधी स्त्रीबद्दल नाहीं. आमची तक्रार बुद्धि हीच अपराधाची खूण मानण्याबद्दल आहे. अमेरिकेंत २०१२ पासून २०१९ पर्यंत चाललेल्या ‘एलिमेंटरी’ मालिकेनें हा भेद बरोबर ओळखला. तेथेंहि आयरीनला मोरियार्टीच करून टाकलें आहे, म्हणजे आमच्या आक्षेपाचा विषय तेथेंहि हजर आहे. परंतु त्याच मालिकेंत वॉटसनची जागा जोन या स्त्रीला दिली. ती पूर्वीची शस्त्रवैद्य, होम्सच्या हाताखालीं शिकून स्वतः गुप्तहेर झालेली. आणि मोरियार्टीला होम्स हरवीत नाहीं, तिला ओळखते ती जोन. एका बुद्धिमतीला दुसरीनें पकडलें कीं बुद्धीवरचा कलंक आपोआप धुतला जातो.

चांगलीं उदाहरणें आमच्या देशांतहि आहेत. ऋतुपर्ण घोष यांनीं मिस मार्पलच्या एका कथेवरून २००३ सालीं ‘शुभ महुरत’ हा बंगाली चित्रपट काढला. त्यांतील राखीबाईंची रांगापिशी घराच्या उंबऱ्याआड बसून, मांजरांची काळजी घेत, भाचीनें आणलेल्या बातम्यांवरून खुनाचा उलगडा करते. दिग्दर्शकानें तिला तरुण केलें नाहीं, तिला प्रियकर दिला नाहीं, तिला धांवावयास लावलें नाहीं. त्यांनीं फक्त तिच्या विचार करण्याकडे कॅमेरा रोखून धरला. या भूमिकेला राष्ट्रीय पारितोषिक मिळालें तें उगीच नव्हे. २०२३ सालीं विशाल भारद्वाज यांनीं ख्रिस्तीबाईंच्या ‘सिटाफर्ड मिस्टरी’वरून हिमाचलांत घडणारी मालिका केली, तींत आपल्या वाग्दत्त वराला सोडविण्यासाठीं एक तरुणी स्वतः शोध घेते. तिचें कौतुक करतांना ‘अखेर स्त्री गुप्तहेर झाली’ असें कोणी म्हटलें तर त्यानें मूळ कादंबरी उघडावी. १९३१ सालच्या त्या पुस्तकांत एमिली ट्रेफ्युसिस हेंच काम करून बसली आहे. नव्या पडद्यानें शोध लावला असें जें सांगितलें जातें तें पुष्कळदां नुसतें जुन्या पुस्तकावरची धूळ झटकणें असतें. आणि तेवढें प्रामाणिकपणें केलें तरी पुष्कळ.

खुद्द जीवनाकडे पाहिलें तर हा भेद अधिक स्पष्ट होतो. रजनी पंडित या नांवाजलेल्या महाराष्ट्रीय स्त्री-गुप्तहेर. त्यांचा जन्म याच पालघरचा, वडील पोलिसांच्या गुप्तचर खात्यांत. एका खुनाच्या प्रकरणांत आपण घरकामाची बाई होऊन कित्येक महिने संशयित स्त्रीच्या घरीं राहिलों, हा अनुभव त्यांनीं स्वतः सांगितलेला आहे. या अनुभवांत कातड्याचा अंगरखा नाहीं, चाबूक नाहीं, भुरळ नाहीं. आहे तें एवढेंच कीं, भांडीं घांसणाऱ्या बाईकडे कोणी पाहत नाहीं, म्हणून ती सर्व पाहूं शकते. मिस मार्पलचें विणकाम आणि रांगापिशीचा उंबरा यांचें मर्म हेंच. स्त्रीला समाजानें ज्या कोपऱ्यांत बसविलें त्या कोपऱ्यांतून जग कसें दिसतें, हें ज्ञान हीच तिची हेरगिरीची भांडवल-पुंजी. तिच्या हातीं पुरुषाचें पिस्तूल देऊन तिचे डोळे काढून घेणें हा सौदा तोट्याचा आहे.

आतां पुन्हां आमच्या डोंगराकडे. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनीं सारें राज्य हादरलें. त्या वेळीं विचारला गेलेला प्रश्न हेरकथेंतलाच होता: हीं मुलें कोणीं मारलीं? अशा प्रसंगीं भगत भुताळीकडे बोट दाखवितो, आणि शिकलेला मनुष्य आईच्या अज्ञानाकडे. दोघांचेंहि बोट बाईवरच थांबतें, आणि दोघांनाहि पुढें शोध घेण्याची गरज उरत नाहीं. खरा तपास करणाऱ्याला भूक दिसते, पावसाळ्यांत तुटणारा रस्ता दिसतो, दूरचा दवाखाना दिसतो, कामासाठीं गांव सोडून जाणारें कुटुंब दिसतें. हे पुरावे गोळा करावयास वेळ लागतो, आणि त्यांत नाट्य कमी असतें. महाराष्ट्रानें २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यामुळें एखाद्या बाईला चेटकीण ठरवून छळणें हा आतां गुन्हा आहे. परंतु कायदा हातांना आंवरतो. मनांतील चित्रें बदलण्याचें काम कथांचें. जव्हारच्या बाजारांत आज ज्या तरुणाच्या हातीं मोबाइल आहे त्याच्यापर्यंत हीं चित्रें लंडनहून थेट येतात. एकटी, बोलकी, जाणती बाई म्हणजे धोका, हें त्याच्या आजानें भगताकडून ऐकलें. नातवानें तेंच सुंदर छायाचित्रणासह पाहावें, आणि आपण आधुनिक झालों असें समजावें, ही थट्टा क्रूर आहे.

म्हणून रूपांतर करणाऱ्यांना, आणि त्यांची वाखाणणी करणाऱ्या टीकाकारांनाहि, आम्ही तीन प्रश्न विचारूं इच्छितों. मूळ कथेंत स्त्रीनें स्वतःच्या बुद्धीनें जें जिंकलें तें तुमच्या कथेच्या शेवटीं तिच्याजवळ उरतें काय? मूळ कथेंत पुरुषाच्या माथीं असलेला अपराध तुम्हीं कोणाच्या माथीं नेऊन ठेवला, आणि कोणत्या पुराव्यावर? आणि तुमच्या कथेंतील सर्वांत शहाणी स्त्री शेवटीं जिवंत, मोकळी आणि निर्दोष असते काय? या तिन्हींचीं उत्तरें सरळ देतां आलीं तर त्यांनीं खुशाल लंडनचें कलकत्तें करावें, वॉटसनची जोन करावी, कथा शंभर वर्षें पुढें आणावी. आम्ही पहिल्या रांगेंत बसून टाळ्या वाजवूं. उत्तरें देतां येत नसतील तर निदान स्त्रीच्या उद्धाराची भाषा त्यांनीं सोडून द्यावी. वारली वाड्यांत लग्नाच्या वेळीं धवलेरीला पुढें बसवितात, तिचें ऐकतात, आणि तिचा मान करून तिला घरीं पोंचवितात. ज्या पडद्याला जाणत्या बाईचा एवढाहि मान ठेवतां येत नाहीं, त्यानें आमच्या पाड्यांना आधुनिकता शिकवूं नये.